नागदंताची पोरं

दाराच्या आत तीन फुटांचा पॅसेज. चपला, छत्र्या, हेल्मेट, पोरांची दप्तरं सगळं तिथेच येऊन पडतं. चपलांचं साधं कपाट फूटभर खोल असतं. ते ठेवलं की उरलेल्या दोन फुटांतून आडवं होऊन जायचं. कपाटाला पैसे नसले, की माणूस भिंतीकडे बघतो: एक फळी आणि तिच्यावर पाच खुंट्या. घर आवरण्याची याहून स्वस्त युक्ती मला माहीत नाही.

हिचं कूळ मला सापडलं ते भलत्याच ठिकाणी, कामसूत्रात. (त्या ग्रंथातला घर लावण्याचा भाग वाचणारेही असतात.) वात्स्यायन नागरकाची खोली दाखवतो. पलंग, उशाशी गंधमाळा, खाली पिकदाणी, आणि वीणा टांगलेली ‘नागदंता’वर. शेजारी चित्रफलक, एखादी पोथी, कोरांटीच्या फुलांच्या माळा. नागदंत म्हणजे हत्तीचा सुळा. कोशांत दुसरा अर्थ सरळ दिलाय: भिंतीतली खुंटी.

आता वाद इथे आहे. ही खुंटी खरोखर हस्तिदंताची, की सुळ्याच्या आकाराची म्हणून नागदंत? पहिला पक्ष म्हणतो, नागरक पैसेवाला, रंगेल. त्याच्या भिंतीत हस्तिदंत असायला काय हरकत? हरकत काही नाही. पण मग पंचतंत्राचं काय करायचं? दक्षिणेतल्या महिलारोप्य नगराजवळ एका मठात ताम्रचूड नावाचा संन्यासी राहतो. भिक्षेतलं उरलेलं अन्न पात्रात घालून, ते पात्र नागदंताला अडकवून झोपतो, आणि हिरण्यक उंदीर रोज उडी मारून त्याच्यावर ताव मारतो. माधुकरीवर जगणाऱ्या गोसाव्याच्या मठात हस्तिदंती खुंटी? मला पटत नाही. तोवर नागदंत हा शब्द पदार्थ सोडून आकाराला चिकटला होता, असंच मी धरतो.

आणि आकारातच सगळी गंमत आहे. सुळा भिंतीतून निघतो आणि वर वळतो. अशा खुंटीला बंद अडकवला की तो आपोआप घसरत बुडाशी येतो. ओझं भिंतीला जितकं जवळ, तितकी खुंटी उपटण्याची ओढ कमी. शिवाय पिशवी भिंतीला चिकटून राहते, येणाऱ्याजाणाऱ्याच्या खांद्याला लागत नाही. आडव्या सरळ खुंटीवर तीच पिशवी टोकाकडे सरकते आणि एक दिवस खुंटीसकट खाली.

नागदंत बोलीत टिकला नाही, राहिली ती खुंटी. खुंट म्हणजे तोडलेल्या झाडाचा वा फांदीचा उरलेला बुडखा. माझा तर्क असा, की गावाकडच्या सुताराला हत्ती बघायची गरजच पडली नाही. फांदी खोडातून वरच्या अंगालाच फुटते. तिचा बुडखा ठेवून खोड तासलं की तोच कोन हातात येतो. श्रीमंताचा सुळा आणि गरिबाचा बुडखा एकाच आकाराला येऊन मिळाले, आणि नाव गरिबाचं टिकलं. वाड्यांच्या जाड भिंतींत बसवलेल्या खुंट्यांवर अंगरखे, उपरणी टांगली जात, ती याच घराण्यातली.

सजावटीची इंग्रजी मासिकं मात्र श्रेय देतात अमेरिकेतल्या शेकर पंथाला. अॅन ली ही बाई 1774 मध्ये मूठभर अनुयायांसह इंग्लंडहून तिकडे गेली. या पंथाने पुढे खोल्यांच्या भिंतीभर लाकडी पट्टी फिरवली, तिच्यात कातीव खुंट्या बसवल्या आणि झाडलोट करताना खुर्च्याही वर टांगल्या, त्याही उलट्या, म्हणजे बैठकीवर धूळ बसायला नको. सुंदर कल्पना. खुंटीवरचा त्यांचा हक्क मला मान्य नाही, पट्टीवरचा मान्य आहे. आपल्याकडे प्रत्येक खुंटी भिंतीत स्वतंत्र रुतायची. एक पट्टी दोनतीन ठिकाणी पक्की करून पाच खुंट्यांचं काम भागवणं ही पॅसेजवाल्यांवरची खरी मेहेरबानी.

कारण भिंती बारीक झाल्या. साडेचार इंची विटेच्या भिंतीत लाकडाची खुंटी ठोकली तर वीटच हलते. इथे तिसरा पूर्वज येतो. लंडनचा कंत्राटदार जॉन जोसेफ रॉलिंग्ज याला ब्रिटिश म्युझियममध्ये विजेचं सामान बसवायचं काम मिळालं, भिंती न फोडता. 1910-11च्या सुमारास त्याने एक पोकळ गुट्टी केली. भोक पाडायचं, गुट्टी सरकवायची, स्क्रू पिळला की ती फुगून भोकात घट्ट. हार्डवेअरच्या दुकानात आपण ‘रावलप्लग’ मागतो तो हाच. कोण्या रावळाचा त्याच्याशी संबंध नाही, रॉलिंग्जच्या नावाचं ते डोकं. पहिल्या गुट्ट्या होत्या तागाच्या, जनावराच्या रक्ताच्या सरसाने चिकटवलेल्या. त्या काळी जगातला बहुतेक ताग पिकायचा बंगालात. म्हणजे ब्रिटिश म्युझियमच्या भिंतीत गेलं ते बहुधा आपल्याच शेतातलं सूत. पुढे 1958 मध्ये जर्मनीच्या आर्टुर फिशरने नायलॉनची गुट्टी काढली आणि ताग सुटला.

गुट्टी रॉलिंग्जची, पट्टी शेकरांची, कोन नागदंताचा. यातला कोनच हल्ली हरवतो. बाजारातल्या पुष्कळशा तयार पट्ट्यांतल्या खुंट्या काटकोनात सरळ असतात आणि हेल्मेटचा पट्टा त्यांवरून निसटतो. सुताराकडून करून घेणार असाल तर फळीतलं भोक जरा तिरकं पाडायला सांगा, खुंटीचं तोंड वर येईल असं. त्याचे तो जास्तीचे पैसे घेत नाही.