‘सर्व सत्त्व’ या शब्दाची कक्षा : आंतरलिंगी देह, पापकल्पना आणि बौद्ध परंपरा

वैनगंगेच्या परिसरातील पवनी या प्राचीन नगरीत, जगन्नाथ टेकडीवर, १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभाग यांनी उत्खनन केले आणि भंडारा जिल्ह्याच्या भूमीत शतकानुशतके गाडला गेलेला एक भव्य स्तूप उजेडात आला. तेथील शिलाखंडांवर ब्राह्मी लिपीतील लहान लहान दानलेख आहेत. त्यांपैकी एका लेखात विसमिता नावाच्या स्त्रीच्या दानाची नोंद असून, हे दान सर्व सत्त्वांच्या सुखास कारण होवो, अशी इच्छा तीत व्यक्त झाली आहे. लेख अवघ्या एका ओळीचा; परंतु ‘सर्व सत्त्व’ असे म्हणताना त्या उपासिकेने कोणासही वगळलेले नाही. प्रस्तुत लेखात या दोन शब्दांची कसोटी एका दुर्लक्षित मनुष्यसमूहास लावून पाहावयाची आहे. स्त्री किंवा पुरुष अशा ठरीव चौकटीत न बसणाऱ्या शरीररचनेसह जे जन्मास येतात, ज्यांस आज आंतरलिंगी म्हणतात, त्यांचाच हा प्रश्न होय.

असे मूल घरात जन्मले म्हणजे पहिला शब्द उच्चारला जातो तो ‘पाप’ हा. कोणी ते मागल्या जन्मीचे म्हणतो, कोणी आईच्या माथी मारतो. मूल दडविले जाते, नातलगांपासून आणि पुष्कळदा डॉक्टरांपासूनही. ही पापकल्पना आली कोठून, आणि बौद्ध म्हणविणाऱ्यांच्या घरात तिला स्थान असू शकते काय, याचा इतिहासाच्या आधारे विचार होणे अगत्याचे आहे.

या कल्पनेचे एक ठळक उगमस्थान शोधण्यास दूर जावयास नको. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात गर्भाचे लिंग स्त्री-पुरुषबीजाच्या कमीअधिक प्रमाणावर अवलंबून असल्याचे सांगितले आहे. म्हणजे तेथे कारण शारीरिकच मानले आहे. परंतु नवव्या अध्यायात क्लीबास पतित, जन्मांध व बधिर यांच्या पंक्तीस बसवून वारसाहक्क नाकारला आहे व त्यांच्या वाट्यास केवळ पोटापुरते अन्नवस्त्र ठेवले आहे. अकराव्या अध्यायात तर शरीरातील व्यंगे ही पूर्वकर्माच्या अवशेषांची चिन्हे असल्याचे सांगून अशा माणसांस सज्जनांनी निंद्य मानलेले ठरविले आहे. प्रथम हक्क काढून घ्यावयाचा आणि मग तो ज्याचा काढून घेतला त्यालाच दोषी ठरवावयाचे, ही पद्धत अस्पृश्यतेचे चटके सोसलेल्या समाजास निराळी समजावून सांगण्याचे कारण नाही. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे जो ग्रंथ अग्नीच्या स्वाधीन करण्यात आला, त्या ग्रंथाचाच हा एक न्याय होता.

आता आपल्या परंपरेकडे वळू. येथे मात्र सत्य सांगावयाचे तर ते पूर्ण सांगितले पाहिजे. विनयपिटकाच्या महावग्गात पंडक व उभतोब्यञ्जनक, म्हणजे दोन्ही लिंगांची चिन्हे असलेली व्यक्ती, यांस उपसंपदा देऊ नये, असा नियम आहे. उपसंपदेच्या वेळी ‘तू मनुष्य आहेस काय?’, ‘तू पुरुष आहेस काय?’ हे प्रश्न विचारले जातात. ज्यांस उपसंपदा निषिद्ध आहे त्यांच्या यादीत मातृघातक, पितृघातक व संघभेदक यांच्यासोबत उभतोब्यञ्जनकाचेही नाव येते. हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

परंतु या नियमाचे कारण काय दिले आहे, हे लक्षपूर्वक पाहावे. विनयाचे नियम प्रसंगानुसार घालून दिलेले आहेत. पंडकाविषयीच्या प्रसंगात प्रव्रजित झालेल्या एका व्यक्तीने इतरांकडे कामयाचना केली, त्यातून लोकांत संघाची निंदा झाली व नियम घालण्यात आला. उभतोब्यञ्जनकाविषयीचा प्रसंगही अशाच आचरणाचा असून तो अगदी थोडक्यात सांगितलेला आहे. एकाच्या वर्तनावरून सर्वांस दार बंद झाले, हे आजच्या न्यायबुद्धीस पटणारे नाही, हे मान्य केले पाहिजे. तथापि पूर्वजन्मीच्या पापामुळे असा देह मिळाला, असे तेथे कोठेही म्हटलेले नाही. संघाबाहेर ठेवलेले सर्वच पापी, असेही विनय म्हणत नाही. राजाच्या सेवेतील सैनिक, ऋणको आणि दास यांसही प्रव्रज्या नाकारलेली होती. त्याच यादीतील नागाची कथा तर प्रसिद्धच आहे. मनुष्यरूप घेऊन प्रव्रजित झालेल्या नागास तथागतांनी परत पाठविले, परंतु उपोसथ पाळण्याचा मार्ग त्यास दाखवून दिला. पवनीच्या याच स्तूपाच्या शिल्पांत पाच फण्यांचा मुचलिंद नाग नावानिशी कोरलेला आहे. ज्यास चीवर मिळाले नाही त्या नागकुळास स्तूपावर मात्र सन्मानाचे स्थान मिळाले!

याहून महत्त्वाचा पुरावा पाराजिक प्रकरणात आहे. एका भिक्खूच्या देहावर स्त्रीचिन्हे प्रकट झाली, तेव्हा काय करावे, असा प्रश्न भगवंतांपुढे आला. त्यांनी कारण विचारले नाही, दोष लावला नाही. तेच उपाध्याय, तीच उपसंपदा, तीच वर्षावासांची गणना कायम ठेवून त्या व्यक्तीने भिक्खुणींमध्ये राहावे, अशी अनुज्ञा दिली. भिक्खुणीच्या देहावर पुरुषचिन्हे प्रकट झाल्यासही हाच न्याय लावण्यात आला. देह पालटला तरी माणसाने मिळविलेली ज्येष्ठता पालटत नाही, असा याचा अर्थ होय.

पापाचा रंग या विषयास चढला तो पुढील काळात. इसवी सनाच्या पाचव्या शतकातील बुद्धघोषांच्या परंपरेतील अट्ठकथा या प्रसंगावर भाष्य करताना सांगते, की पुरुषत्व श्रेष्ठ असून ते प्रबळ अकुशल कर्माने लोप पावते. मूळ विनयात नसलेले कारण अशा रीतीने भाष्यात शिरले. मिलिंदपञ्हात पंडक व उभतोब्यञ्जनक यांची गणना सम्यक आचरण करूनही धर्मबोध न होणाऱ्यांत केली आहे. वसुबंधूंच्या अभिधर्मकोशात त्यांस शीलसंवरही अशक्य ठरविला आहे. आणि गंमत अशी की, धम्मपदाच्या अट्ठकथेतच सोरेय्याची कथा आहे. सोरेय्य पुरुष म्हणून दोन मुलांचा पिता झाला, स्त्री होऊन दोन मुलांची माता झाला, पुन्हा पुरुष होऊन प्रव्रजित झाला आणि अखेरीस अर्हत्पदास पोहोचला. त्या कथेतही रूपांतराचे कारण मनात आलेला कामविचार असेच दिले आहे. पण देहाची स्थित्यंतरे मुक्तीच्या आड आली नाहीत, हे तीच कथा सांगून जाते.

मूळ बुद्धवचनाची कसोटी लावली असता ही नंतरची भर टिकत नाही. बुद्धांच्या मते कर्म म्हणजे चेतना, हेतुपूर्वक केलेली कृती. गर्भातील देहरचना ही कोणाचीही कृती नव्हे. मग तेथे अकुशल कोठून येणार? संयुत्तनिकायातील सीवकसुत्तात पित्त, कफ, वात, ऋतुपालट इत्यादी कारणे सांगून, सर्वच वेदना पूर्वकर्माने होतात असे म्हणणारे सत्याची मर्यादा ओलांडतात, असे भगवंतांनी स्पष्ट केले आहे. अट्ठकथांनीही पाच नियम मानताना बीजनियम हा कर्मनियमाहून निराळा ठेवला आहे. वासेट्ठसुत्तात तर माणसामाणसांत जन्माने भेद करणारे चिन्ह केसांत नाही, डोळ्यांत नाही, गुह्येंद्रियांत नाही आणि मैथुनातही नाही, असे सांगितले आहे. तिसरे शीलही देहाविषयी नसून दुसऱ्यावर होणाऱ्या अन्यायाविषयी आहे.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर, जे १९५४ च्या पोटनिवडणुकीत याच भंडारा मतदारसंघातून उभे होते, त्यांनी हा प्रश्न दोन दिशांनी सोडविला आहे. १९३४ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाचे संपादक र. धों. कर्वे यांच्यावर, वाचकांच्या लैंगिक शंकांना दिलेल्या उत्तरांवरून अश्लीलतेचा खटला भरण्यात आला. तेव्हा त्यांचे वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतले. खटल्यात यश आले नाही. परंतु कामविषयाचे ज्ञान म्हणजे पाप नव्हे, ही भूमिका न्यायासनापुढे मांडली गेली. दुसरी दिशा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ साली प्रकाशित झालेल्या ग्रंथातील. तेथे त्यांनी गर्भास देह आईबापांकडून मिळतो या शास्त्रीय दृष्टीने पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धांत तपासला आणि दीनदुबळ्यांच्या अवस्थेच्या जबाबदारीतून समाजास मोकळे करणे एवढाच त्याचा उपयोग दिसतो, असा निष्कर्ष काढला.

आजचे विज्ञान याच वाटेने जाते. गर्भाच्या आरंभीच्या आठवड्यांत स्त्री-पुरुष जननेंद्रियांचा पाया एकच असतो; पुढे गुणसूत्रे व संप्रेरके यांच्या कार्यानुसार तो घडत जातो. अशा भिन्नतेच्या एका प्रकारात मूत्रपिंडावरील ॲड्रीनल ग्रंथीत संप्रेरके नीट तयार होत नाहीत. त्यातील तीव्र प्रकारात शरीरातील मीठ निघून जाऊन जन्मानंतर पहिल्या काही आठवड्यांतच बालक दगावू शकते. वेळीच औषध मिळाल्यास ते जगते. म्हणजे जे घर ‘पाप’ म्हणून मूल दडविते, ते त्याचा जीवही घेऊ शकते. दुसरीकडे, प्राणास धोका नसताना केवळ लोकलाजेस्तव तान्ह्या मुलावर शस्त्रक्रिया करणे हाही अन्यायच होय. मद्रास उच्च न्यायालयाच्या २०१९ च्या निर्णयानंतर तामिळनाडू शासनाने अशा शस्त्रक्रियांस बंदी घातली.

कायद्याने मनूस केव्हाच मागे टाकले आहे. ज्या वर्षी नागपूरला धम्मदीक्षा झाली त्याच १९५६ साली हिंदू वारसा कायद्याच्या अठ्ठाविसाव्या कलमाने रोग, दोष अथवा व्यंग या कारणावरून वारसाहक्क नाकारण्यास मज्जाव केला. हा कायदा बौद्धांसही लागू आहे. १५ एप्रिल २०१४ रोजी, भीमजयंतीच्या दुसऱ्याच दिवशी, सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांचे मूलभूत हक्क मान्य केले. सर्व तृतीयपंथी आंतरलिंगी नसतात आणि सर्व आंतरलिंगी स्वतःस तृतीयपंथी म्हणवीत नाहीत, हा भेद येथे ध्यानी ठेवावा.

प्रश्न उरतो तो आपल्या विहारांचा. उपसंपदेच्या नियमाचा विचार भिक्खुसंघाने करावयाचा आहे, आणि तो त्याने टाळू नये. परंतु त्रिशरण व पंचशील ग्रहण करण्यास, नामकरणास, वंदनेस बसण्यास विनय कोणत्याही देहास मज्जाव करीत नाही. ज्या दीक्षाभूमीवर आपण सर्व मनुष्यमात्र समान मानण्याची प्रतिज्ञा घेतली, तिच्यात देहाची अट नव्हती. तेव्हा आपल्या वस्तीत असे मूल जन्मल्यास उपासकांनी त्या मातेच्या घरी जावे, तिला दोष देणाऱ्यास थोपवावे, बालकास विलंब न करता रुग्णालयात न्यावे आणि त्याचे नाव विहारात सर्वांसमक्ष ठेवावे. पवनीच्या शिळेवर विसमितेने ज्या सर्व सत्त्वांचे सुख इच्छिले, त्यांत ते मूलही आहे.