बुळकांडी, लाळ्या-खुरकूत आणि मांसाचा बाजार

मांसाचा भाव केवळ खाटकाच्या दुकानात ठरत नाही. जनावरांचे रोग आणि त्यांच्या धास्तीने घातलेले निर्बंध यांचाही त्यात मोठा वाटा असतो. भारतात याचे दोन टप्पे स्पष्ट दिसतात.

पहिला टप्पा बुळकांडीचा. या रोगाने गोठेच्या गोठे ओस पडत. गुरांच्या साथीविषयी इंग्रज सरकारने नेमलेल्या आयोगाचा अहवाल १८७१ मध्ये आला. १८८९ मध्ये पुण्यात जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा निघाली. ती १८९३ मध्ये कुमाऊंतील मुक्तेश्वरला हलविण्यात आली. तेथेच १९२० च्या दशकात जे. टी. एडवर्ड्स यांनी बकऱ्यांच्या साहाय्याने लस तयार केली. १९५४ मध्ये राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. १९९५ नंतर देशात बुळकांडी आढळली नाही आणि २०११ मध्ये ती जगातूनच नाहीशी झाल्याचे जाहीर झाले.

रोग गेला, परंतु बाजाराची सर्व दारे उघडली नाहीत. कारण लाळ्या-खुरकूत मागे राहिला. त्याने मोठी जनावरे सहसा दगावत नाहीत, पण तो झपाट्याने पसरतो. म्हणून रोगमुक्त देश सहसा रोगग्रस्त देशांचे कच्चे मांस घेत नाहीत. कापणीनंतर स्नायूंत तयार होणाऱ्या आम्लाने विषाणू मरतो. हाडांतील मगज आणि लसिकाग्रंथींत मात्र तो टिकतो. त्यामुळे भारतातून म्हशीचे मांस हाडे व ग्रंथी काढून, मुख्यतः गोठवून जाते. गाईच्या मांसाच्या निर्यातीस बंदी आहे.

२०१४ च्या सुमारास अमेरिकी कृषी खात्याच्या गणनेत भारत वजनाच्या दृष्टीने पहिल्या क्रमांकाचा निर्यातदार ठरला. तरीही अमेरिका व युरोपची बाजारपेठ बंदच होती. व्हिएतनाम, मलेशिया, इजिप्त अशा देशांत माल खपला, पण तुलनेने स्वस्त दराने. ही घट अखेर भाकड म्हैस विकणाऱ्या शेतकऱ्यापर्यंत आणि कुरेशी व्यापाऱ्यापर्यंत पोहोचते. ब्रिटनमध्ये २००१ च्या साथीत साठ लाखांहून अधिक जनावरे मारली गेली. ज्यांची जनावरे रोगामुळे मारली, त्यांना सरकारने भरपाई दिली. बंद बाजारपेठेमुळे वर्षानुवर्षे कमी मिळणाऱ्या भावाची भरपाई मात्र कोणी देत नाही.

२०१९ मध्ये केंद्र सरकारने लाळ्या-खुरकूतविरुद्ध देशव्यापी लसीकरण हाती घेतले. बुळकांडी हटविण्यास मोहीम सुरू झाल्यापासून चार दशके लागली, हा अनुभव लक्षात घेता येथेही सातत्यच निर्णायक ठरेल. लस केवळ जनावर वाचवत नाही. ती गरीब विक्रेत्याचा भावही राखते.