स्वभावावरचा शिक्का

सेनगाव तालुक्याच्या उत्तरेस रिसोडकडे जाणाऱ्या रस्त्याने शिवार ओलांडले, की मराठवाडा संपतो आणि वऱ्हाड लागते. आज ही सीमा दोन महसुली विभागांपुरती उरली असली, तरी १८५३ मध्ये वऱ्हाडचा कारभार कंपनी सरकारच्या हाती गेल्यापासून १९४८ च्या सप्टेंबरात निजामी राजवट कोसळेपर्यंत, म्हणजे जवळजवळ शंभर वर्षे, ती दोन अंमलांची, दोन कायद्यांची आणि दोन दफ्तरांची सीमा होती. या मुलखाचा इतिहास सांगताना नरसीच्या नामदेवांचे आणि औंढ्याच्या नागनाथाचे स्मरण प्रथम होते, आणि ते यथायोग्यच आहे. परंतु ज्यांच्या स्वभावालाच कधी गुन्ह्याचे तर कधी रोगाचे नाव मिळाले, अशा माणसांचाही या भूमीला एक इतिहास आहे. व्यक्तिमत्त्वविकाराचे निदान पदरी पडलेल्या तरुण-तरुणींना आजही गावात मान खाली घालून वावरावे लागते, आणि त्या दुःखाची मुळे त्या इतिहासात आहेत, असे माझे ठाम मत आहे.

हिंगोली हे हैदराबाद कंटिंजंट फौजेच्या छावणीचे ठिकाण. स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने आरंभिलेली ठगांच्या पारिपत्याची मोहीम १८३० च्या दशकात या छावणीपर्यंत येऊन पोहोचली. ठगांनी वाटसरूंचे गळे आवळले हे खरे, आणि त्या मृतांविषयी कोणालाही हळहळच वाटेल. पण त्या मोहिमेतून जो कायदा निपजला, त्याचा परिणाम ठगांपुरता राहिला नाही. १८३६ च्या तिसाव्या अधिनियमान्वये, आरोपीने अमुक ठिकाणी अमुक इसमाचा खून केला हे शाबीत करण्याची आवश्यकता उरली नाही. तो केव्हा ना केव्हा ठगांच्या टोळीत सामील होता, एवढे ठरले की जन्मठेप देता येई. कृत्याऐवजी माणसाच्या असण्यालाच शिक्षा देण्याची ही रीत पुढे १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याने संपूर्ण जातींवर लादली आणि तो कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडावे लागले. ठगांविरुद्धच्या त्या मोहिमेच्याच सुमारास, सागर येथे फाशी गेलेल्या सात ठगांची मस्तके हेन्री स्प्राय नावाच्या डॉक्टरने एडिंबरोच्या कपालशास्त्र मंडळाकडे धाडली, आणि कवटीच्या उंचवट्यांवरून दुष्टपणा मोजण्याचा उद्योग तेथील विद्वानांनी गंभीरपणे केला. १८३५ मध्ये प्रिचर्ड या इंग्रज वैद्याने ‘नैतिक वेड’ या कल्पनेचा पुरस्कार केला, ती याच काळात: बुद्धी शाबूत, विचार सुसंगत, परंतु भावना आणि वर्तन मात्र विकृत. १८९१ मध्ये जर्मनीत कॉख या मनोवैद्याने तिला ‘मनोविकृत न्यूनता’ म्हटले, १९२३ मध्ये श्नायडर या दुसऱ्या मनोवैद्याने तिचे प्रकार पाडले, आणि १९८० च्या अमेरिकन वर्गीकरणात आज प्रचलित असलेली व्यक्तिमत्त्वविकारांची यादी अवतरली. यांतले एक दुसऱ्यातून जन्मले असे मी म्हणत नाही. पण माणसाने काय केले हे बाजूला ठेवून तो मुळातच कसा आहे याचा निवाडा देण्याची जी सवय त्या शतकाला जडली, ती कचेरीत आणि रुग्णालयात सारखीच दिसते.

सीमेपलीकडच्या वऱ्हाडातील वेड्या माणसाची रवानगी इंग्रजी कायद्यानुसार नागपूरच्या मनोरुग्णालयात होई, जे १८६४ पासून चालू होते. अलीकडचा, म्हणजे तत्कालीन परभणी जिल्ह्यातला इसम निजाम सरकारच्या ताब्यात येई. या सरकारची वेड्यांची व्यवस्था प्रथम हैदराबादेत तुरुंगाच्याच आवारात होती आणि तिचे नाव होते दारुल मजानीन. विसाव्या शतकाच्या आरंभी ती गोदावरी खोऱ्याच्या लोहमार्गावरील जालन्यास हलली, आणि पुढली कित्येक दशके संपूर्ण हैदराबाद संस्थानाचे मनोरुग्णालय मराठवाड्याच्या भूमीवर नांदले. १८८४ पासून दरबारी कामकाज उर्दूत चालत असल्याने, ज्याच्याविषयी कागद व्हायचा त्याला आणि त्याच्या आईबापांना तो कागद बहुधा वाचताच येत नसे. हुकूम निघे, शिक्का उमटे, माणूस जाई. हे सारे दयाशून्य होते असे नव्हे. घरच्या माळवदाच्या खांबाला साखळीने बांधलेल्या जिवाला जालन्यात निदान अन्न आणि छप्पर मिळत असेल. परंतु तेथून परतलेल्याच्या नावामागे ‘जालन्याचा’ असा निर्देश लागला, की त्या घराशी सोयरीक करताना लोक दहादा विचार करीत असणार, हे समजायला पुरावा शोधण्याची गरज नाही.

१९५३ मध्ये ते रुग्णालय हैदराबादच्या एर्रागड्डा भागात हलवण्यात आले, आणि तीनच वर्षांनी राज्यपुनर्रचनेत हैदराबाद आंध्रात तर मराठवाडा मुंबई राज्यात गेला. महाराष्ट्राच्या वाट्यास ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार मनोरुग्णालये आली. त्यांपैकी मराठवाड्यात एकही नव्हते. ज्या प्रदेशाने एका संस्थानाचे वेड सांभाळले, त्या प्रदेशातील सेनगावच्या शेतकऱ्याला आपल्या लेकीला घेऊन पुणे किंवा नागपूर गाठावे लागले, ही गोष्ट विभागीय अनुशेषाच्या चर्चेत सिंचनाच्या आणि रस्त्यांच्या आकड्यांखाली दबून गेली, याची मला खंत वाटते.

आणि मग १९७६ साल आले. त्या वर्षी हिंदू विवाह अधिनियमात दुरुस्ती होऊन घटस्फोटाच्या कारणांत मानसिक विकाराची व्याख्या विस्तारली आणि तीत ‘मनोविकृती’, म्हणजे अतिरेकी आक्रमक किंवा अत्यंत बेजबाबदार वर्तन घडवणारा चिरकालीन मनोविकार, हा प्रकार नावानिशी दाखल झाला. हे शब्द इंग्लंडच्या १९५९ च्या कायद्यावरून घेतलेले होते. मात्र इंग्रजी व्याख्येत हा विकार उपचाराची गरज असलेला किंवा उपचारास दाद देणारा असावा अशी अट होती. आपल्या संसदेने ती उलटी करून, उपचाराची गरज असो वा नसो, दाद मिळो वा न मिळो, अशी शब्दरचना केली. मूळ कायद्यात जी वैद्याकडे जाण्याची वाट होती, ती भारतात येताना माणसाला घराबाहेर काढण्याची वाट झाली. इंग्लंडने २००७ मध्ये ही वर्गवारीच मोडीत काढली. आपल्या कायद्यात ती अद्याप कायम आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये, रामनारायण गुप्ता यांच्या प्रकरणात, रोगाचे नुसते नाव पुरेसे नाही, त्याची तीव्रता संसार अशक्य करणारी असली पाहिजे, असे निःसंदिग्धपणे सांगितले, हे या संदर्भात फार मोठे आश्वासन आहे. परंतु ते न्यायालयात जाऊन वकीलपत्र देणाऱ्याच्या उपयोगाचे, लग्नाच्या बैठकीत पाहुण्यांपुढे बसलेल्या मुलीच्या नव्हे.

व्यक्तिमत्त्वविकारांतील ज्याची सर्वाधिक बदनामी होते, त्या भावनिक अस्थिरतेच्या विकाराचे स्वरूप असे, की जवळचे माणूस सोडून जाईल या धास्तीने जीव कासावीस होतो, क्षणात माया आणि क्षणात संताप उसळतो, आणि ती वेदना सोसवेनाशी झाली की माणूस स्वतःच्याच देहावर शस्त्र चालवतो. गावात याला आगाऊपणा म्हणतात, नाटक म्हणतात, किंवा भानामती म्हणून देवऋष्याकडे नेतात; भूत उतरवण्याच्या बहाण्याने दोराने वा साखळीने बांधून मारणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरला आहे, तरी त्याआधी अनेक पाठींवर वळ उठून गेले. दुःखाची बाब अशी, की शिकलेले लोकही हे निदान ऐकताच ‘हे कधी सुधारत नाही’ असे म्हणतात, आणि ते साफ खोटे आहे. अमेरिकेत अशा रुग्णांचा वर्षानुवर्षे मागोवा घेणाऱ्या अभ्यासांत बहुसंख्यांची लक्षणे दहा वर्षांत ओसरलेली आढळली. आणि या विकारावरील सर्वांत प्रसिद्ध उपचारपद्धती निर्माण करणाऱ्या मार्शा लिनहान यांनी २०११ मध्ये जाहीरपणे सांगितले, की तरुणपणी त्या स्वतःच रुग्णालयात बंदिस्त होत्या.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने, समाजाच्या नैतिक वा सांस्कृतिक मूल्यांशी न जुळणे एवढ्यावरून कोणालाही मनोरुग्ण ठरवता येणार नाही, असे स्पष्ट केले आहे. अलीकडे जालन्यातच पुन्हा प्रादेशिक मनोरुग्णालय उभारण्याचा निर्णय शासनाने घेतला, याचा मला आनंद आहे. पण ज्या विकाराविषयी मी लिहीत आहे, त्याला खाटांपेक्षा माणसे हवीत: आठवड्यातून एकदा, वर्ष-दोन वर्षे, रुग्णाच्याच बोलीत त्याच्याशी बोलणारा प्रशिक्षित मानसोपचारक हवा. सेनगावहून जालना काही तासांच्या अंतरावर आहे, आणि दर आठवड्याला मजुरी बुडवून तेवढा प्रवास कोणी करणार नाही. म्हणून त्या रुग्णालयाच्या आराखड्यात तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयांत ठरलेल्या वारी जाऊन बसणाऱ्या मानसोपचारकांची पदे आहेत की नाहीत, हे मराठवाड्याच्या लोकप्रतिनिधींनी आजच विचारले पाहिजे.