आरोग्य विमा हप्ता व आयकर विवरणपत्र

अमेरिकेतील आरोग्य बचत खात्यासारखे खाते भारतीय आयकरात नाही. तिकडे नोकरी करणाऱ्या मराठी कुटुंबांना मालकामार्फत त्या खात्यात जमा झालेली रक्कम डब्ल्यू-2 या वेतन विवरणाच्या 12 व्या रकान्यात ‘डब्ल्यू’ संकेतासह दिसते व ती फॉर्म 8889 मध्ये मांडावी लागते.

पाबळच्या (ता. शिरूर) पगारदाराला लागू पडते ती आरोग्य विमा हप्त्याची वजावट (1961 च्या आयकर अधिनियमात कलम 80-डी). स्वतः, जोडीदार व अवलंबित मुलांसाठी 25,000 रुपये, आईवडिलांसाठी आणखी तेवढीच; विमाधारक ज्येष्ठ नागरिक असल्यास ही मर्यादा 50,000 होते. हप्ता रोखीने भरल्यास वजावट मिळत नाही. पगारातून कापलेला हप्ता फॉर्म 16 च्या भाग ‘ब’ मध्ये येतो, तर कंपनीने स्वतःच्या खर्चाने काढलेल्या सामूहिक विम्याच्या हप्त्यावर कर्मचाऱ्याला वजावट मागता येत नाही. विमा नसलेल्या ज्येष्ठांचा औषधोपचाराचा खर्चही 50,000 पर्यंत वजा होतो. गावाकडील वृद्धांसाठी सर्वांत मोलाची तरतूद हीच, आणि तीच अनेकदा मागायची राहते.

2023-24 पासून आपोआप लागू होणाऱ्या नव्या करप्रणालीत ही वजावट नाही. शेती उत्पन्न मुळातच करमुक्त असल्याने केवळ शेतीवर जगणाऱ्या कुटुंबाला या वजावटीचा उपयोग होत नाही.