सोळा खोल्यांची चाळ : चॅनल या शब्दाचा इतिहास

चॅनल हा एकच शब्द, पण ध्वनीच्या यंत्रांत त्याचे दोन निराळे अर्थ आहेत. पहिला स्टिरिओतला. ॲलन ब्लूमलीन या इंग्रज अभियंत्याने १९३१ मध्ये ज्या पेटंटसाठी अर्ज केला, त्यात एकाच खोबणीच्या दोन भिंतींवर डावा आणि उजवा असे दोन ध्वनी कोरायची युक्ती होती. इथे चॅनल म्हणजे प्रत्यक्ष ध्वनीचा प्रवाह.

दुसरा अर्थ मिडीचा. सीक्वेन्शियल सर्किट्सचे डेव्ह स्मिथ आणि रोलँडचे इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकाराने वेगवेगळ्या कंपन्यांच्या सिंथेसायझरांना एक समान भाषा मिळाली, आणि जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतल्या एका वाद्यप्रदर्शनात दोघांची वाद्यं एकमेकांना जोडून दाखवली गेली. त्या केबलमधून आवाज जातच नाही, जातात फक्त आज्ञा. अमुक पट्टी दाबली, एवढ्या जोराने दाबली, सोडली. मग चॅनल कुठे असतो? तर आज्ञेवरच्या पत्त्यात. चाळीच्या अंगणात पोस्टमन ‘सात नंबर!’ म्हणून ओरडतो, ऐकतात सगळे, खाली येतो सातवालाच, तसं.

खोल्या सोळाच का? यात गूढ काही नाही. आज्ञेच्या पहिल्या बाइटमध्ये आठ बिटं. एक सांगतं की ही आज्ञा आहे, तीन सांगतात कोणती, उरली चार. चार बिटांत सोळाच आकडे बसतात. वेग सेकंदाला ३१,२५० बिटं. एक सूर सुरू करायला तीन बाइट, आणि पाठवताना प्रत्येक बाइटची दहा बिटं होतात, म्हणजे जवळजवळ एक सहस्रांश सेकंद. दहा बोटं एकदम पडली तरी दहा सूर रांगेनेच निघतात. कानाला ते सहसा कळत नाही, ही गोष्ट वेगळी.

आम्हा तत्त्वज्ञानाच्या माणसांना यातली खरी गंमत पुढे दिसते. सूर म्हणजे काय, याचं उत्तर या रचनेने गुपचूप देऊन टाकलंय: पट्टी दाबल्यापासून सोडेपर्यंतचा काळ. हे पियानोवाल्याचं उत्तर झालं. आपल्याकडे सा वरून प वर जाताना मधली वाट हीच मींड, तीच गाणं. मिडीमध्ये सूर वाकवायची सोय आहे, नाही असं नाही. पण ती आज्ञा सुराला नसते, अख्ख्या चॅनलला असते. एकाच चॅनलवर तानपुऱ्याचा षड्ज धरला आणि वर मींड घेतली, तर बघा काय होतं! षड्जही सोबत सरकतो. ज्याच्या आधाराने मोजायचं, तोच हलला. शिवाय वाकण्याची मर्यादा बहुधा वर दोन आणि खाली दोन श्रुत्या नव्हे, अर्धस्वर ठेवलेली असते. सा ते प म्हणजे सात अर्धस्वर, ती मुद्दाम वाढवावी लागते.

उपाय साधा होता, तानपुरा वेगळ्या चॅनलवर ठेवा. २०१८ मध्ये हाच उपाय पुढे ताणून एमपीई नावाचा प्रघात अधिकृत झाला: प्रत्येक सुराला स्वतःचा चॅनल. वाद्यांसाठी बांधलेल्या खोल्यांत आता एकेक सूर राहायला आला. २०२० च्या मिडी २.० मध्ये चॅनल २५६ झाले, एकेक सूर स्वतंत्रपणे वाकवण्याची आज्ञाही आली. सूर सुरू करायची मूळ आज्ञा मात्र तीच आहे.