उंबऱ्याबाहेरचे मुलगे

इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत घराण्यांच्या वंशावळी असतात. कोणाच्या पोटी कोण जन्मला, गादीवर कोण बसला, हे मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो आहे. ज्या मुलाने वंश पुढे नेला नाही, त्याचे घराने काय केले, हे मात्र त्या वंशावळीत कधीच नसते. हा प्रश्न मला नव्याने पडला तो रोहन कानवडे यांच्या 'साबर बोंडं' या चित्रपटामुळे. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात दाखल झालेला हा पहिला मराठी कथापट. जागतिक कथापट विभागाचे ज्युरींचे सर्वोच्च पारितोषिक त्याला मिळाले आणि १९ सप्टेंबर २०२५ ला तो भारतात प्रदर्शित झाला. दोन पुरुषांमधील प्रेमाची ही कथा आहे. ती आपल्या सीमाभागात घडत नाही. पण तिच्या मागचा इतिहास आपल्या उंबऱ्याशीच आहे.

सौंदत्तीच्या डोंगरावरची यल्लम्मा ही बेळगाव जिल्ह्याची, तशीच कोल्हापूर, गडहिंग्लज, निपाणीचीही. तिच्या यात्रेत लुगडे नेसलेला, कपाळी भंडारा, गळ्यात कवड्यांची माळ आणि डोक्यावर देवीचा जग घेतलेला जोगता आपण सर्वांनी पाहिला आहे. केसांत जट आली की मुलगी आणि चालण्या-बोलण्यात बायकीपणा दिसला की मुलगा, देवीनेच मागितला असे समजले जाई. सारेच जोगते एका मनाचे नव्हते. कोणाला लुगड्यातच आपले खरे रूप सापडले, तर कोणावर ते लादले गेले. पण समाजाने दोघांनाही एकच जागा दिली. लोक जोगत्याच्या पाया पडत, त्याच्या परडीत जोगवा घालत. त्याच्या प्रेमाचा, संसाराचा विचार मात्र कोणी करीत नसे. मान होता, पण तो उंबऱ्याबाहेरचा होता. १९८२ चा कर्नाटकाचा देवदासी समर्पण प्रतिबंधक कायदाही स्त्रियांपुरताच होता; जोगता त्यातही बसला नाही.

या माणसाला साहित्यात आणले ते आपल्याच टापूतील राजन गवस यांनी. त्यांच्या 'चौंडकं' आणि 'भंडारभोग' या कादंबऱ्यांच्या आधारे राजीव पाटील यांनी २००९ साली 'जोगवा' काढला. उपेंद्र लिमये यांना त्यातील तायप्पासाठी अभिनयाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. देवीला सोडलेला तायप्पा आणि देवीला सोडलेली सुली एकमेकांवर प्रेम करतात. त्यांचे बंड एवढेच, की त्यांना साध्या माणसांसारखे जगायचे आहे.

शहरी मराठी रंगभूमीने हा विषय त्याआधीच हाताळला होता. विजय तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' १९८१ साली रंगमंचावर आले. रोहिणी हट्टंगडी यांनी साकारलेली त्यातील मित्रा एका मुलीवर प्रेम करते आणि शेवटी मरणाला कवटाळते. गावात देवीचा डोंगर आणि शहरात मृत्यू, अशा दोनच वाटा जणू त्या काळाने ठेवल्या होत्या.

'साबर बोंडं'चे मोल इथे कळते. मुंबईत राहणारा आनंद वडिलांच्या निधनानंतर दहा दिवसांच्या सुतकासाठी आईबरोबर मूळ गावी येतो. सुतक म्हणजे मुलाने मुलगा असल्याचे सिद्ध करण्याचे दिवस. नातेवाईक जमतात आणि दुखवट्यातच लग्नाची बोलणी सुरू होतात. गावातच त्याचा बालमित्र बाळ्या आहे. शेती करणारा, तोही लग्न टाळणारा. आनंदच्या आईला मुलाचे मन ठाऊक आहे आणि ती त्याला अंतर देत नाही. कानवडे यांचे स्वतःचे वडील २०१६ साली वारले. त्या दहा दिवसांत लग्नाचा जो लकडा मागे लागला, त्यातून ही कथा जन्मली.

इथे मुलगा घर सोडत नाही, देवाला वाहिला जात नाही, मरतही नाही. बापाचे दिवस तो करतो आणि प्रेमही करतो. वारसा म्हणजे केवळ वंश नव्हे. आईबापाचे ऋण मानणे हाही वारसाच, असे हा चित्रपट न बोलता सांगतो.

ब्रिटिशांनी १८६० च्या दंडसंहितेत घातलेले ३७७ कलम प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना लागू होणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ ला दिला. अशा जोडप्यांच्या विवाहाला मान्यता देण्यास मात्र त्याच न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ ला नकार दिला. म्हणजे गुन्हा पुसला गेला, नाते अजून कागदावर यायचे आहे.

कायद्याचे कायदा बघेल. मला चिंता वर्गातल्या मुलाची आहे. चालण्यावरून ज्याला टोपणनाव पडते, मधल्या सुट्टीत जो एकटा बसतो आणि 'लग्न केलं की सुधारेल' म्हणून ज्याला विशीतच बोहल्यावर उभे करतात, तो आपल्या प्रत्येक गावात आहे. त्या लग्नात आणखी एका मुलीच्या आयुष्याचेही मातेरे होते. पूर्वी त्याच्यासाठी निदान सौंदत्तीची वाट होती. ती बंद होत आली हे बरेच झाले. पण ती बंद करताना घराचे दार उघडले नाही, तर त्या मुलाने जायचे कोठे? वाचकहो, याचे उत्तर न्यायालयाला नव्हे, आपल्या घरांना द्यायचे आहे.