खांदा, खटका आणि तीन प्रश्न

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. कारणं नेहमीचीच, कामाचा रगाडा आणि आळस. त्यातला दुसरा वाटा मोठा! पण परवा एक विषय डोक्यात शिरला आणि तो लिहून काढल्याशिवाय बाहेर जाईल असं दिसत नाही.

त्याचं झालं असं की शनिवारी मी आयुष्यात पहिल्यांदा शिकारीच्या सामानाच्या दुकानात गेलो. ज्याच्या घरात अंडंसुद्धा चोरून आलं, त्या माणसाने शिकारीच्या दुकानात जावं हा विनोदच. पण मी राहतो अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये. इथे पानगळ सुरू झाली की ऑफिसातली अर्धी माणसं हरणांविषयी बोलू लागतात. माझा एक सहकारी त्यातलाच. वय पंचावन्नच्या पुढे-मागे. लहानपणापासून धनुष्यबाणाने शिकार करणारा. गेल्या वर्षी त्याच्या खांद्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी सांगितलं, यापुढे धनुष्य ओढायचं विसरा. मग उरला क्रॉसबो. म्हणजे बंदुकीसारख्या दस्त्यावर आडवं बसवलेलं धनुष्य. दोरी एकदा मागे ओढून खटक्यात अडकवायची, बाण ठेवायचा, नेम धरायचा आणि चाप दाबायचा. दोरी ओढायलाही हँडल मिळतं, त्यामुळे खांद्याला त्रास नाही.

मला बरोबर नेलं, कारण मी आकडेमोडीत बरा. दुकानात काहीशे डॉलरपासून दोन-अडीच हजार डॉलरपर्यंतचे क्रॉसबो भिंतीवर टांगले होते. त्याने प्रत्येकाबद्दल तेच तीन प्रश्न विचारले. याचा मारा किती? ऐन वेळी दगा देणार नाही ना? आणि एवढे पैसे मोजण्यासारखं यात काय आहे? विक्रेत्याने सेकंदाला चारशे फूट वेगाचे वगैरे आकडे सांगितले, मी ते कागदावर उतरवले. खरेदी काही झाली नाही. परत येताना गाडीत तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "माझ्या वडिलांना हे आवडलं नसतं." वडिलांनी त्याला सातव्या वर्षी पहिलं धनुष्य दिलं होतं. त्याचे जुने शिकारी मित्र क्रॉसबोला सरळ लबाडी म्हणतात. इथे विस्कॉन्सिनमध्ये २०१४ साली क्रॉसबोचा हंगाम सगळ्यांना खुला झाला. त्याआधी ती सवलत मुख्यतः अपंग आणि वयस्कर शिकाऱ्यांपुरती होती. त्यामुळे क्रॉसबो हातात घेणं म्हणजे 'आपलं वय झालं' असं जाहीर करणं, असंही त्याला वाटत असावं.

घरी येऊन मी जुनी पुस्तकं उघडली. गंमत म्हणजे तेच तीन प्रश्न आणि लबाडीचा तोच आरोप आठ-नऊशे वर्षं जुना निघाला!

पहिला प्रश्न माऱ्याचा. राल्फ पेन-गॉलवे नावाच्या इंग्रज सरदाराने १९०३ साली क्रॉसबोवर एक जाडजूड पुस्तक लिहिलं. नुसतं लिहिलं नाही, तर पंधराव्या शतकातला पोलादी क्रॉसबो दुरुस्त करून वेल्समधल्या मेनाय सामुद्रधुनीवरून पलीकडे बाण मारून पाहिला. बाण गेला ४६० यार्ड, म्हणजे सव्वाचारशे मीटरच्या आसपास. या क्रॉसबोचा ताण होता १२०० पौंड. आता इंग्रजांचं प्रसिद्ध लांब धनुष्य घ्या. त्याचा ताण साधारण १०० ते १८० पौंड. म्हणजे क्रॉसबो दहापट जोरदार?

नाही, आणि इथेच माझ्यासारख्या आकडेवाल्याला मजा येते. बाणाला मिळणारी ताकद नुसत्या ताणावर ठरत नाही. दोरी किती अंतरभर बाणाला ढकलते, तेही महत्त्वाचं. पोलादी क्रॉसबोची दोरी जेमतेम सहा-सात इंच मागे येते. लांब धनुष्याची वीस इंचांहून जास्त. ढोबळ हिशोब केला तर आठपट ताणाच्या क्रॉसबोत साठलेली ताकद अडीचपटच भरते. त्यातलीही बरीचशी ते जड पोलादी हात हलवण्यात खर्च होते. शिवाय कसलेला धनुर्धर मिनिटाला दहाएक बाण सोडू शकत असे. रहाटाने दोरी ओढायचा जड क्रॉसबो मिनिटाला एखाद-दुसरा. तर माऱ्याच्या परीक्षेत क्रॉसबो पास, पण पहिला नंबर नाही.

दुसरा प्रश्न भरवशाचा. त्यासाठी क्रेसीला जावं लागतं. २६ ऑगस्ट १३४६. फ्रान्सचा राजा सहावा फिलिप आणि इंग्लंडचा तिसरा एडवर्ड समोरासमोर. फ्रेंचांच्या आघाडीला जिनोआहून आणलेले भाडोत्री क्रॉसबोवाले. चांगले पगारी, नावाजलेले सैनिक. लढाई तोंडावर आली आणि पावसाची सर आली. एका फ्रेंच बखरकाराने लिहिलंय की क्रॉसबोच्या दोऱ्या भिजून निकामी झाल्या, इंग्रजांनी मात्र आपल्या दोऱ्या काढून कोरड्या ठेवल्या होत्या. दोष खरंच दोऱ्यांचा होता का यावर इतिहासकारांचं अजून एकमत नाही. कारण त्यांच्या मोठ्या ढाली मागे सामानाच्या गाड्यांतच राहिल्या होत्या, आणि दिवसभराच्या चालीने माणसंही थकली होती. क्रॉसबो भरताना माणूस काही क्षण पार उघडा पडतो. त्याला ढाल नसेल तर नुसत्या कोरड्या दोरीचं काय करायचं? जिनोआवाले मागे फिरले, तर फ्रेंच सरदारांनी त्यांना गद्दार ठरवून आपल्याच घोड्यांखाली तुडवलं. हत्याराच्या अपयशाची शिक्षा माणसाला मिळाली. हेही तसं जुनंच!

पण भरवसा म्हणजे काय, हे शिकाऱ्याला विचाराल तर उत्तर वेगळं येईल. रानात मिनिटाला दहा बाण कोण सोडतो? तिथे एकच बाण, तोही तासभर दबा धरून. हाताने ओढलेलं धनुष्य फार वेळ तसं धरून ठेवता येत नाही, दंड थरथरायला लागतो. क्रॉसबो मात्र खटक्यात अडकवला की गप्प वाट बघतो. म्हणून युरोपातल्या शिकारखान्यांत तो कित्येक शतकं टिकला. शिकाऱ्यांचे वादही अगदी आजच्यासारखेच. आधीचे क्रॉसबो शिंग, स्नायू आणि लाकूड सरसाने चिकटवून केलेले. त्यांना ओल सोसत नाही, म्हणून वरून भूर्जाची साल नाहीतर चर्मपत्र गुंडाळायचे. नंतर पोलादाचे आले. ते पावसाला दाद देत नसत, पण कडाक्याच्या थंडीत ताडकन मोडायची भीती. म्हणून उत्तरेकडच्या थंड मुलखात शिंगाचे क्रॉसबो बराच काळ मागे हटले नाहीत. एकाची भीती पावसाची, दुसऱ्याची बर्फाची. बिनदगाबाज हत्यार मिळतं कुठे?

भरवशाचं सगळ्यात जुनं उत्तर चीनमध्ये सापडतं. तिथल्या मातीच्या सैन्याचा शोध १९७४ साली लागला. त्या खड्ड्यांमधून क्रॉसबोचे काशाचे खटके निघाले, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातले. एकमेकांत अडकणारे ओतीव भाग, आणि तेही एका मापाचे. युरोपात तलवारी एकेकट्या घडवल्या जात होत्या, त्या काळात इथे यंत्राचे भाग ओतून थप्प्या लागत होत्या. कारण उघड आहे. नांगर सोडून आलेल्या शेतकऱ्यांचं सैन्य उभं करायचं, तर कौशल्य माणसात भरायला वेळ नसतो. ते खटक्यात भरावं लागतं.

आणि इथून आपण येतो तिसऱ्या प्रश्नाकडे, किमतीच्या.

दुकानातला क्रॉसबो धनुष्याहून महाग असतो, तेव्हाही असायचा. पण हा हिशोब अर्धाच आहे. १५४५ साली 'मेरी रोझ' नावाचं इंग्रज लढाऊ जहाज बुडालं आणि १९८२ साली ते समुद्रतळावरून वर काढलं. त्यात शंभराहून जास्त अखंड लांब धनुष्यं मिळाली, आणि माणसांचे सांगाडेही. काही सांगाड्यांत खांद्याच्या हाडाचं टोक, जे विशीच्या आसपास जुळून एक व्हायला हवं, ते जुळलेलंच नव्हतं. अभ्यासकांचा अंदाज असा की ही माणसं पोरवयापासून जबरदस्त ताणाची धनुष्यं ओढत आलेली असावीत.

हे वाचलं आणि मला गाडीत गप्प बसलेला माझा सहकारी आठवला. त्याचा खांदा असाच गेला असेल का? कुणास ठाऊक.

धनुर्धर असा तयार होत असे. १३६३ साली तिसऱ्या एडवर्डने फर्मान काढलं की धडधाकट पुरुषांनी सुट्टीच्या दिवशी इतर खेळ सोडून धनुर्विद्येचा सराव करावा. १५४९ साली ह्यू लॅटिमर नावाच्या धर्मोपदेशकाने राजापुढच्या प्रवचनात आपल्या वडिलांची आठवण सांगितली. ते त्याच्या वयाच्या आणि ताकदीच्या मापाने धनुष्यं आणून देत. पोर वाढलं की धनुष्य मोठं. दंडाने नव्हे तर सगळ्या अंगाचा भार टाकून ओढायला त्यांनी शिकवलं. म्हणजे धनुष्य स्वस्त, पण त्यामागचा माणूस फार महाग. त्यात दहा-बारा वर्षं आणि एक बाप खर्ची पडलेला. क्रॉसबोचं उलटं. यंत्र महाग, पण ते चालवायला शिकणं काही आठवड्यांचं काम. (यंत्र हाती आलं की कौशल्य संपतं असं मात्र नाही. जिनोआवाल्यांना उगाच पगार मिळत नव्हता.)

म्हणूनच त्याच्यावर एवढे रुसवे. १११८ साली वारलेल्या बायझंटाइन सम्राट अलेक्सियसचं चरित्र त्याच्या मुलीने, अॅना कॉम्नेनाने लिहिलं. त्यात क्रॉसबोचं वर्णन रानटी लोकांचं सैतानी हत्यार असं आहे. ११३९ सालच्या धर्मपरिषदेने ख्रिस्ती माणसांवर तो वापरायला मनाई केली. सहसा सांगितलं जात नाही ते हे, की त्या मनाईत साधे धनुर्धरही होते. मनाई कुणी फारशी पाळली नाही हे वेगळं सांगायला नको. इंग्लंडात आठव्या हेन्रीने १५४१ साली कायदा केला की वर्षाला शंभर पौंडांचं उत्पन्न नसलेल्याने क्रॉसबो आणि बंदूक बाळगू नये. एक भीती अशी की लोक लांब धनुष्य विसरतील. दुसरी भीती उघड बोलली जात नसली तरी दिसते. ज्या हत्याराला खानदान लागत नाही, बारा वर्षं लागत नाहीत, ते कुणाच्याही हातात जाऊ शकतं.

पण याच गोष्टीची दुसरी बाजू बघा. ११९१ साली एकरच्या वेढ्यात इंग्लंडचा राजा रिचर्ड तापाने इतका आजारी होता की त्याला उचलून तटासमोर आणावं लागलं. बखर सांगते की तिथे पडल्या पडल्या तो क्रॉसबो चालवत होता. १५९१ साली पहिल्या एलिझाबेथने कॉड्रेच्या मुक्कामात क्रॉसबोने तीन-चार हरणं मारली, तेव्हा ती सत्तावन्न वर्षांची होती. आजारी माणूस, उतारवयातली बाई, दोघांनाही त्या खटक्याने मैदानात जागा दिली. रिचर्डचा शेवटही त्यानेच केला. ११९९ च्या मार्चमध्ये शालूच्या किल्ल्यावरून आलेला क्रॉसबोचा बाण त्याच्या खांद्यात घुसला, जखम सडली आणि अकरा दिवसांनी, ६ एप्रिलला, तो गेला. पुन्हा खांदाच!

हे सगळं वाचताना मला मधूनच खानदेश आठवत होता. लहानपणी सुट्टीत मामाकडे जायचो, तिथे शेतावर एक म्हातारे भिल्ल बाबा राखणीला असत. त्यांचं धनुष्य बांबूचं, आणि त्याची दोरीही बांबूच्याच चिवट पातीची. किंमत म्हणाल तर शून्य रुपये. मी दहा वर्षांचा असेन, ओढायला गेलो तर वीतभरही हललं नाही. बाबा हसले आणि म्हणाले, "पुढल्या सुट्टीत ये, थोडं जास्त ओढशील." त्यांच्या हिशोबात ती गोष्ट सुट्ट्यांनी मोजायची होती. पुढच्या सुट्टीत मी क्रिकेटच्या शिबिराला गेलो. त्या धनुष्याला पुन्हा हात लावला नाही.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी सहकाऱ्याला हे सगळं सांगितलं. मेरी रोझचे खांदे, आजारी रिचर्ड, लॅटिमरचे वडील. आणि माझं मतही सांगितलं. जुने मित्र म्हणतात त्यात तथ्य आहे, क्रॉसबो ती वर्षं वगळतो. पण तू कुठे काय वगळतो आहेस? तुझी वर्षं देऊन झाली आहेत, खांद्यासकट. वारा कुठून वाहतो, हरीण कोणत्या वाटेने येतं, कधी बाण सोडायचा नाही, हे काही विक्रेत्याने डब्यात घालून दिलेलं नाही. ते वडिलांचंच आहे.

तो काही बोलला नाही. सँडविच संपवलं. मग विचारलं, "त्या मधल्या किमतीच्या मॉडेलचा आकडा काय होता?" मी कागद काढून दिला.

जुनं धनुष्य तो विकणार नाहीये. गॅरेजच्या भिंतीवर आहे तिथेच राहील म्हणाला. त्याचा नातू पुढच्या वर्षी सात वर्षांचा होईल. पण मुलाला हल्ली रविवारी फुटबॉल असतो...

असो. तुमच्या घरातही असं काही भिंतीवर टांगलेलं असेल, जे वापरायला कुणाची तरी दहा वर्षं लागली होती. असेल तर जरूर सांगा.